हात आखडता घेण्याचा तास

कागदावर काढलेल्या पडद्यांचा नमुना कसा करतात, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. नमुना झाला की इंटरफेस डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला वाटतं, गड सर झाला. खरी कसोटी पुढेच असते, आणि तिथे त्याने तोंड बंद ठेवून नुसतं बघायचं असतं.

समजा, नमुना वीजबिल भरण्याच्या ॲपचा आहे. पन्नाशीच्या एखाद्या काकूंना समोर बसवायचं, हातात त्यांचंच बिल द्यायचं आणि सांगायचं, ‘हे भरून दाखवा, मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा.’ वर्गातला एक मित्र संगणक होतो. काकूंनी बोट टेकवलं की तो मुकाट्याने पुढचा कागद सरकवतो. ‘ग्राहक क्रमांक’ या चौकटीत काकू पेन्सिलने आपला फोन नंबर लिहितात. महावितरणचा ग्राहक क्रमांक असतो बारा आकडी; मित्र ‘चुकीचा क्रमांक’ असा कागद पुढे करतो. ‘माझंच काहीतरी चुकलं वाटतं,’ काकू ओशाळतात.

विद्यार्थ्याची जीभ इथे वळवळते. ‘काकू, बिलावर वरच आहे ना...’ पण हे वाक्य गिळायचं. काकूंनी विचारलंच, तर ‘तुम्हाला काय वाटतं?’ असा उलट प्रश्न करायचा. उद्धट वाटतं खरं. म्हणूनच परीक्षा ॲपची आहे, त्यांची नाही, हे आधीच सांगून ठेवावं लागतं. नोंदवहीतही ‘काकू गोंधळल्या’ असं लिहून भागत नाही. कुठल्या चौकटीत काय लिहिलं आणि तेव्हा काय म्हणाल्या, तेवढंच जसंच्या तसं उतरवायचं. कारणमीमांसा नंतर.

मोठ्याने विचार करायला लावण्याची ही रीत मूळची मानसशास्त्राची. इंटरफेस तपासायला ती कशी वापरावी, हे आयबीएमच्या क्लेटन लुइस यांनी १९८२ साली लिहून काढलं.

त्याच सुमारास झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात मानववंशशास्त्रज्ञ ल्यूसी सचमन यांनी कंपनीच्या एका मोठ्या कॉपी मशीनसमोर माणसं उभी केली आणि त्यांचं चित्रीकरण केलं. हिरवं बटण दाबलं की काम फत्ते, असा त्या मशीनच्या जाहिरातीचा सूर होता. फिल्ममध्ये मात्र दोघे जण पाठपोट प्रत काढता काढता घामाघूम झालेले दिसतात. त्यांतले एक ॲलन न्यूएल: कृत्रिम बुद्धिमत्तेचे आद्य संशोधक, १९७५ च्या ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी. ‘लोकांना अक्कल नाही’ ही पळवाट तिथेच बुजली.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण पवईचं. फोनवर मराठी लिहिण्यासाठी आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या चमूने ‘स्वरचक्र’ हा कीबोर्ड केला. २०१३ मध्ये तो अँड्रॉइडवर आला. संगणकावरच्या इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डची रचना दहा बोटांनी टाइप करणाऱ्यांसाठी. फोनवर तर एखाददुसराच अंगठा चालतो. स्वरचक्रात अक्षरं शाळेतल्या मुळाक्षरांच्या क्रमाने आहेत. ‘क’वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु यांचं चक्र उमटतं, हव्या त्या दिशेला बोट सरकवायचं. मराठी टाइपिंगला नवख्या असलेल्या लोकांबरोबर या कीबोर्डच्या चाचण्या झाल्या, आणि सरावाने वेग किती वाढतो तेही तपासलं गेलं.

वेग आणि चुका मोजायच्या कशा, ते पुढच्या भागात.