आकाशछत्रीची निवड

छत्रीधारी म्हटला कीं, गोल घुमटाखालीं लोंबकळत उतरणारा सैनिकच आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें येत असेल. हौशी लोकांची आजची छत्री निराळी. दोन कापडी थरांमध्यें कप्पे शिवावयाचे व पुढील तोंडांतून शिरणाऱ्या वाऱ्यानें पंखच फुगवावयाचा, या युक्तीचें पेटंट डॉमिना जॅल्बर्ट यांस १९६६ सालीं अमेरिकेंत मिळालें.

छत्री निवडणें म्हणजे एक भागाकार आहे: साहित्यासह माणसाचें वजन भागिलें कापडाचें क्षेत्रफळ. २०० पौंडांस २०० चौरस फूट घेतले, तर दर फुटास भार १ पौंड. शिकाऊनें याच्या आंतच राहावें. १०० फूट घेतले कीं भार दुप्पट आणि वेग सुमारें १.४ पट. निमुळत्या टोकांची, आंतून तिरप्या पट्ट्यांनीं ताणलेली लहान छत्री तर दोरी किंचित् ओढतांच गर्रकन् वळते व वळतां वळतां वेगानें खालीं झेपावते. हेंच वळण जमिनीलगत घेतलें, तर छत्री पूर्ण उघडलेली असूनहि माणूस प्राणास मुकतो. असे मृत्यु थोडे नाहींत. तरीहि लहान छत्री हेंच कौशल्याचें पदक मानणारे तरुण आहेतच! घरांतील कोणी या छंदाकडे वळल्यास वडील मंडळींनीं छत्रीची किंमत मागाहून विचारावी, आधीं क्षेत्रफळ विचारावें.