‘क’चे पान भरले, पुढे काय?

संगणक येण्यापूर्वी बँकेच्या शाखेत खतावण्यांशेजारी ग्राहकांची एक नामसूची असे. कडेला अ, आ, इ अशी अक्षरे कापलेली आणि प्रत्येक अक्षराला ठरावीक पाने. खाते क्रमांक विसरलेला ग्राहक आला की लिपिक या सूचीत नाव शोधून क्रमांक सांगत असे. मराठी मुलखातील शाखांत तिची एक अडचण ठरलेली. ‘क’ची पाने लवकर भरत. कदम, कांबळे, काळे, कुलकर्णी यांना जागा पुरत नसे आणि ‘ऐ’, ‘ऋ’ची पाने वर्षानुवर्षे कोरी राहत. मग तळाशी ‘पुढील नावे शेवटच्या पानावर’ अशी टीप येई आणि काही वर्षांनी सारी सूची नव्याने लिहून काढावी लागे.

आज हीच सूची संगणकात असते. संगणकशास्त्रात अशा मांडणीला ‘क्रमबद्ध संच’ म्हणतात. नोंदी सदैव क्रमाने राहाव्यात, नवी मध्येच घालता यावी, जुनी काढता यावी आणि हवी ती क्षणात सापडावी, एवढी तिच्याकडून अपेक्षा. यातले शोधणे सोपे आहे. शब्दकोश आपण मधोमध उघडतो, शब्द अलीकडे की पलीकडे हे पाहून अर्धा भाग सोडून देतो. याच रीतीने १० कोटी नोंदींतून हवी ती नोंद फार तर २७ वेळा पाहून सापडते. पंचाईत होते ती नवी नोंद घालताना. ओळीने मांडलेल्या यादीत मध्येच एक नाव आले की पुढची सारी नावे एकेक घर सरकवावी लागतात. १० कोटींच्या यादीत सरासरी ५ कोटी.

१९६२ साली आदेल्सोन-वेल्स्की आणि लांडिस या सोव्हिएत गणितज्ञांनी यावर वृक्षाचा तोडगा काढला. प्रत्येक नोंदीला दोन फांद्या. आधीची नावे डावीकडे, नंतरची उजवीकडे. (हा वृक्ष मूळ वर, फांद्या खाली असा काढतात, गीतेच्या पंधराव्या अध्यायातील अश्वत्थ ठाऊक असणाऱ्यांना त्याचे नवल वाटू नये.) नावे आधीच अकारविल्हे येत गेली तर एकच फांदी लांबत जाऊन झाडाची पुन्हा यादी होईल. म्हणून नियम असा, की कोठेही दोन बाजूंच्या उंचीत एकाहून अधिक फरक पडला, तर तेथल्या तेथे फांद्या फिरवून घ्यायच्या.

बँकेच्या नोंदी मात्र डिस्कवर असतात. फिरत्या चकतीच्या डिस्कवरून एकदा वाचण्यास सुमारे १० मिलिसेकंद लागतात. एका खात्यासाठी पंचवीस-तीस वेळा वाचणे परवडत नाही. पण एक नोंद वाचली काय आणि पानभर वाचल्या काय, वेळ जवळपास तेवढाच. हे हेरून रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅकक्राइट यांनी १९७० मध्ये बोइंग विमान कंपनीच्या प्रयोगशाळेत ‘बी-वृक्ष’ मांडला. त्यात प्रत्येक गाठीवर पानभर, समजा २००, नोंदी मावतात. पान भरले की ते दुभंगते आणि मधली नोंद वरच्या पानावर जाते. तेही भरलेले असेल तर तेही दुभंगते. अगदी माथ्याचे दुभंगले तर त्याच्यावर नवे पान येते. झाड मुळाकडून वाढत असल्याने खालची सर्व पाने कायम एकाच पातळीवर राहतात. प्रत्येक पान निम्मेच भरले आहे असे धरले, तरी चार पातळ्यांत सुमारे १० कोटी नोंदी बसतात. म्हणजे चार वाचनांत खाते हाती.

नामसूचीचे दुखणे येथे उमगते. तिच्यात अक्षरांना पाने आधीच वाटून दिलेली होती. बी-वृक्षात कोणाचेही पान राखीव नसते. ‘क’ला लागतील तितकी पाने फुटतात आणि ‘ऐ’ शेजाऱ्यांच्या पानावर सुखाने नांदतो.

क्रमाचा आग्रह सोडला तर नोंद याहूनही चटकन काढता येते. देवळाबाहेर चपला ठेवताना मिळणाऱ्या बिल्ल्याप्रमाणे ‘हॅश’ पद्धत थेट खणापाशी नेते. पण आपण १ एप्रिल ते ३१ मार्चचा खातेउतारा मागितला तर बिल्ला निरुपयोगी, कारण शेजारच्या खणात शेजारची तारीख नसते. क्रमबद्ध रचनेत पहिली तारीख गाठायची आणि पुढे वाचत जायचे. १ एप्रिल २०१० पासून बचत खात्याचे व्याज दररोजच्या शिलकीवर काढले जाते, तेव्हा हा क्रम ग्राहकाच्या थेट पैशाचा प्रश्न आहे.

दोन नावांत आधीचे कोणते, हे मात्र वृक्षाला सांगावेच लागते. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो आणि क्ष, ज्ञ अगदी शेवटी. संगणकाच्या युनिकोड लिपिसंकेतात ‘ळ’ला ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामधला क्रमांक आहे, तर ‘क्ष’ला स्वतंत्र क्रमांकच नाही, तो ‘क’ला ‘ष’ जोडून लिहिला जातो. परिणामी क्षीरसागर हे नाव एका नियमाने सूचीच्या अखेरीस, तर दुसऱ्या नियमाने ‘क’मध्ये. एका नियमाने लावलेली सूची दुसऱ्या नियमाने शोधली तर नोंद असूनही संगणक बिनदिक्कत सांगेल, असे खाते नाही. २०१८ मध्ये लिनक्सवरील ‘जीलिबसी’ या पायाभूत प्रणालीच्या नव्या आवृत्तीत क्रमाचे नियम बदलले, तेव्हा तिच्यावर माहितीसाठे चालविणाऱ्या अनेकांना मजकुराच्या सूच्या नव्याने बांधाव्या लागल्या. जुन्या शाखेतला लिपिक, क्षीरसागर ‘क’मध्ये सापडले नाहीत, तर मुकाट्याने शेवटची पाने उलटून पाहत असे.