पंखा घोंगावतो तेव्हा

एप्रिलच्या दुपारी देहूरोडला पत्र्याच्या छपराखाली, गादीवर गेमिंग लॅपटॉप ठेवून खेळायला बसलं, की पहिली दहा मिनिटं मजेत जातात. मग पंखा घोंगावू लागतो, बोटांखालचा कीबोर्ड तापतो आणि पडद्यावरची भरधाव गाडी अडखळायला लागते. लॅपटॉप बिघडलेला नसतो. तापमान 95 ते 100 अंशांच्या घरात पोहोचलं, की प्रोसेसर स्वतःला जपण्यासाठी वेग उतरवतो.

अशा वेळी सगळं ‘टर्बो’वर टाकायचा मोह होतो. करायला हवं उलटं. बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांची उष्णता तांब्याच्या सामाईक नळ्यांतून बाहेर जाते. त्यामुळे प्रोसेसरची वॉटची मर्यादा थोडी खाली आणली, तर ग्राफिक्सला मोकळीक मिळते. पडदा 60 हर्ट्झचा असेल, तर सेकंदाला 60 फ्रेमची मर्यादा घालावी. त्यापलीकडची मेहनत बरीचशी वाया जाते.

सगळ्यात गुणकारी उपाय व्होल्टेज उतरवण्याचा. वेग तोच ठेवून ते 10 टक्क्यांनी घटवलं, तर चिपच्या कामाला लागणारी वीज सुमारे 19 टक्क्यांनी घटते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. मात्र 2019 मध्ये ‘प्लंडरव्होल्ट’ ही सुरक्षेतली त्रुटी उघड झाल्यावर अनेक कंपन्यांनी ही सोय बंद केली.

उष्णतेशी झुंज महासंगणकांनाही चुकलेली नाही. पुण्यात पाषाणच्या आयसरमधला ‘परम ब्रह्म’ थंड ठेवायला पाणी खेळवलेलं आहे. घरी निदान गादी सोडून टेबल गाठावं, लॅपटॉपची मागची बाजू दोन बोटं उचलावी आणि जाळीत साचलेली हायवेची धूळ मऊ ब्रशने झाडावी.