पोटदुखी : ‘सकाळी पाहू’ केव्हा म्हणू नये?

पोटात दुखू लागले की आपल्या घरांत प्रथम ओवा, हिंग आणि गरम पाण्याची पिशवी पुढे येते. वाताच्या कळेवर हे उपाय गैर नाहीत. मात्र त्यांची मर्यादा ओळखावी, असे एक शल्यचिकित्सक या नात्याने मला आग्रहाने सांगावेसे वाटते. झॅकरी कोप यांच्या १९२१ सालच्या ग्रंथातील सूत्र आजही मार्गदर्शक आहे : एरवी निरोगी असलेल्या माणसाची तीव्र पोटदुखी सहा तास टिकली, तर तिचे कारण बहुधा शस्त्रक्रियेच्या कक्षेतील असते.

अपेंडिक्सची वेदना पुष्कळदा बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली सरकते. अशा वेळी एरंडेल पाजणे घातक ठरू शकते. कळ एकाएकी थांबली, तरी निर्धास्त राहू नये. अपेंडिक्स फुटल्यावरही काही काळ आराम वाटतो.

पोट लाकडासारखे ताठ होणे, सतत उलट्या, शौच व वायू दोन्ही बंद होणे, काळे शौच, पाळी चुकल्यानंतरची कळ किंवा घामासह छातीखाली दुखणे, यांपैकी काहीही आढळल्यास सहा तासही थांबू नये. वृद्धांत व मधुमेहींत गंभीर आजारातही वेदना सौम्य असू शकते. घरातील स्त्रिया तर दुखणे अंगावरच काढतात. त्यांना आपण होऊन विचारावे.