कपड्यावरची चिठ्ठी कुठल्या प्रश्नाचं उत्तर देते?

मंडळी, दौलताबादेत कापडाबद्दल बोलायचं आणि हिमरूचं नाव घ्यायचं नाही, हे काही जमणार नाही. महंमद तुघलकानं १३२७ साली राजधानी इथं आणली, तिच्यामागोमाग विणकर आले आणि हिमरू त्यांचा, असं परंपरेनं सांगतात. सुताचा ताणा, रेशमाचा बाणा. हिमरूकडे आपण शेवटी परत येऊ, कारण चिठ्ठ्यांचा खरा घोळ तिथंच दिसतो.

दुकानात कुर्ता उचलला की हिरवं पान छापलेलं दिसतं. खाली ‘इको-फ्रेंडली’, ‘नॅचरल’, ‘ग्रीन’. आता हे शब्द कुणीही छापू शकतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, की असले मोघम दावे करायचे तर पुरावा द्या. सूचना चांगली आहे, पण पुरावा मागायचा कशाचा, हे आधी आपल्याला कळायला हवं.

सुरुवात शेतापासून करू. आपल्या मराठवाड्यात कापूस म्हणजे बहुतेक बीटी. २००२ साली बीटीला परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच देशी, बिगर-बीटी बियाणं मिळणं अवघड झालं. सेंद्रिय कापसाला मात्र बीटी चालत नाही. शिवाय रासायनिक खत आणि फवारणी बंद करून साधारण दोन वर्षं ‘रूपांतर काळ’ काढावा लागतो. त्या दोन वर्षांत उतारा घटण्याची भीती आणि सेंद्रियचा भाव अजून हाती नाही. ‘ऑरगॅनिक’ कपड्याला आपण जे जास्तीचे पैसे मोजतो, ते खरं तर या माणसासाठी असतात. म्हणून ती चिठ्ठी खोटी निघाली तर नुसतं गिऱ्हाईक फसत नाही, जिनं दोन वर्षं कळ काढली तिच्याही पोटावर पाय येतो. (हो, ‘तिच्या’. कापूस वेचणारे हात बहुतेक बायांचेच असतात.)

हा कापूस जिनिंगमध्ये जातो. सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात. आता बघा, सेंद्रिय रुई आणि साधी रुई डोळ्यांनी ओळखू येत नाही, हातालाही कळत नाही. तिची ओळख फक्त कागदावर उरते. प्रत्येक विक्रीबरोबर एक व्यवहार-प्रमाणपत्र पुढं जातं: जिनिंगकडून सूतगिरणीकडे, तिथून विणाईकडे, मग शिलाईकडे. घोटाळा होतो तो या कागदातच. २०२० साली ‘गॉट्स’ या जागतिक सेंद्रिय वस्त्र मानकाच्या संस्थेनं जाहीर केलं, की भारतातून सुमारे २०,००० टन कापूस बनावट प्रमाणपत्रांवर सेंद्रिय म्हणून खपवला गेला. अकरा कंपन्यांवर बंदी आली. कागदावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की सरकारी संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल उघडायची!

यातून एक साधी सवय लावून घ्यायची. टॅगवरचा कोड स्कॅन करून समाधान मानू नका. गॉट्सचं संकेतस्थळ स्वतः शोधून उघडा आणि टॅगवरचा परवाना क्रमांक तिथं टाका. खऱ्या टॅगवर चिन्हाबरोबर प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं नाव आणि क्रमांक असतो. नुसतं ‘ऑरगॅनिक’ लिहिलं असेल तर किमान ९५ टक्के धागा सेंद्रिय. ‘मेड विथ’ लिहिलं असेल तर किमान ७० टक्के. गॉट्स रंगाई, सांडपाणी आणि कामगारांच्या अटीही तपासतं. नुसत्या धाग्याच्या प्रमाणपत्रापेक्षा आम्हाला ते वजनदार वाटतं, ते त्यामुळं.

‘ओको-टेक्स स्टँडर्ड १००’चं काय? ही चिठ्ठी तयार कापडात अपायकारक रसायनं मर्यादेत आहेत का, एवढंच सांगते. बाळाच्या कपड्यांसाठी तिचा सर्वांत कडक वर्ग आहे, तिथं ती जरूर बघा. पण कापूस सेंद्रिय होता का, हे ती सांगत नाही. पॉलिस्टरलाही ती मिळू शकते.

‘बेटर कॉटन’ची वर्षानुवर्षं चाललेली पद्धत आणखी वेगळी: कंपनीनं तेवढ्या कापसाची खरेदी नोंदवलेली असते, पण तुमच्या हातातल्या शर्टात तोच कापूस असेलच असं नाही. हे फसवणुकीचं नाही, फक्त समजून घ्यायचं. भारत सरकारचा माठाचं चित्र असलेला ‘ईकोमार्क’ १९९१चा. कपड्यांवर तो क्वचितच दिसतो.

आता हिमरू. समजा शालीवर ‘हँडलूम मार्क’ आहे. म्हणजे ती हातमागावर विणली आहे. यंत्रमागाची वीज वाचली, विणकराला काम मिळालं. पण सुताच्या शेतात काय फवारलं, रंग कुठला, त्याचं पाणी कुठं सोडलं, याबद्दल ती चिठ्ठी गप्प आहे. उलटंही होतं. घरात दोन माग चालवणाऱ्या विणकराला गॉट्सचा खर्च झेपणारा नसतो, त्यामुळं त्याचं काम स्वच्छ असूनही चिठ्ठी नसते. तिथं विचारायचं: सूत कुठून आणता? रंग कोण करतं? समोरचा माणूस विणणारा असेल तर तो सांगतोच, बहुतेक वेळा तुम्हाला नको इतकं सांगतो.

मोठ्या दुकानात असं विचारता येत नाही, तिथं टॅगचा फोटो काढून ठेवा, बिल जपा. क्रमांक जुळला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, मराठीतही बोलता येतं.