लक्षद्वीपच्या व्हिडिओत माणसे कुठे गेली?

जानेवारी २०२४मध्ये पंतप्रधानांच्या भेटीची छायाचित्रे सगळीकडे फिरली आणि लक्षद्वीपचे नाव एकाएकी घराघरांत पोहोचले. तेव्हापासून मोबाइलवर तिथल्या प्रवासाच्या व्हिडिओंचा जो पूर आला, तो अजून ओसरलेला नाही. आम्हीही हे व्हिडिओ आवडीने पाहतो. निळ्या-हिरव्या पाण्याचे ते रंग पाहून सुब्हानल्लाह म्हणावेसे वाटते, ते उगीच नाही. पण असे दहा-बारा व्हिडिओ ओळीने पाहिले की एक गोष्ट खटकू लागते. पाणी आहे, वाळू आहे, माड आहेत. माणूस मात्र नाही. असलाच तर होडीच्या टोकाला पाठमोरा उभा असलेला कुणीतरी.

मग निवेदक भारावून सांगतो, ‘हे निर्जन बेट बघा!’

आता जनगणना काय सांगते ते पाहू. लक्षद्वीपमध्ये ३६ बेटे, त्यांपैकी १० वस्तीची. सगळ्यांची मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर आणि २०११मध्ये तिथली लोकसंख्या होती ६४,४७३. म्हणजे एका चौरस किलोमीटरवर दोन हजारांहून अधिक माणसे. त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्राची सरासरी ३६५ होती. शंभरातली शहाण्णव माणसे मुसलमान. पाच वेळची अजान, मदरशाला निघालेली मुले, दारात वाळत घातलेले खोबरे, असे हे भरलेले मोहल्ले आहेत. कॅमेऱ्यासमोरून ते गायब कसे होतात?

युक्ती साधी आहे. ड्रोन वर गेला की माडांच्या झावळ्यांखाली घरे झाकली जातात आणि बेट हिरव्या ठिपक्यासारखे दिसते. शिवाय बरेच चित्रीकरण बंगाराम, तिन्नकारा यांसारख्या ठिकाणी होते. तिथे मोठी वस्ती नाही, पर्यटकांचीच सोय आहे. दोन्ही बाजूंना समुद्र असलेल्या अगत्तीच्या धावपट्टीवर उतरायचे, होडीने थेट तिकडे जायचे आणि परत यायचे. अगत्ती गावातली गल्लीसुद्धा पाहिली जात नाही.

ज्यांच्या घरातली मुले कॅमेरा घेऊन निघाली आहेत, त्यांच्यासाठी थोडे कामाचे. मुळात परवान्याशिवाय तिथे पाऊल ठेवता येत नाही, आपण भारतीय असलो तरीही. कवरत्ती आणि मिनिकॉयला नौदलाचे तळ आहेत, त्यामुळे ड्रोनची परवानगी आधीच लेखी विचारून घ्यावी. ‘चालेल हो’ या तोंडी शब्दावर उडवू नये. पांढरी वाळू कॅमेऱ्याला फसवते. उजेड जास्त आहे असे समजून तो चेहरे काळवंडून टाकतो, म्हणून उजेड हाताने जुळवावा. पाण्याखाली चार-पाच मीटर गेले की लाल रंग विरू लागतो आणि सगळे निळसर दिसते. वाऱ्याच्या आवाजात बोलणे हरवते. खाऱ्या हवेचे कोकणातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. कॅमेरा रोज पुसावाच लागतो. पावसाळ्यात जाण्याचा बेतच करू नये. आणि चांगल्या दृश्यासाठी प्रवाळावर उभे राहणे तर अजिबात नको. आधीच १९९८, २०१० आणि २०१६च्या उष्ण समुद्राने ते पांढरे पडून मेले, २०२४मध्ये पुन्हा तेच झाले. प्रवाळाचा तुकडा उचलून आणणे हा तर कायद्याने गुन्हा आहे.

पण आम्हाला खरी आस्था आहे ती झावळ्यांखालच्या घरांची. या घरांत एक नवल आहे. तिथले लोक शतकानुशतके मुसलमान, तरी घराणे चालते आईच्या बाजूने. आईकडच्या या एकत्र कुटुंबाला ‘तरवाड’ म्हणतात. जुन्या रिवाजाप्रमाणे लग्नानंतर मुलगी सासरी जात नाही. नवरा रात्री बायकोच्या घरी येतो. मालमत्तेचेही दोन प्रकार. तरवाडची सामाईक ती ‘शुक्रवारची’, तिचा वारसा आईकडून. स्वतः कमावलेली ती ‘सोमवारची’, तिची वाटणी शरीयतप्रमाणे. आपल्याकडे लेकीच्या हिश्शावरून घरे फुटतात. ते पाहिल्यावर हे दोन वार कुणीतरी कॅमेऱ्यासमोर सविस्तर समजावून सांगावेत असे आमच्या घरातल्या बायकांना फार वाटते. अजून तसा व्हिडिओ आमच्या पाहण्यात आलेला नाही.

अर्थात अशा घरात शिरायचे तर इजाजत हवी. दारात बसलेल्या आजीवर लांबून भिंग रोखणे म्हणजे चोरी. आपल्या मोहल्ल्यात कुणी अनोळखी माणूस अंगणातल्या आया-बहिणींचे चित्रण करू लागला, तर आपण काय करू? तिथेही तेच समजावे. सलाम करावा, बसावे, चहा प्यावा, मग विचारावे. नको म्हटले तर कॅमेरा पिशवीत.

विचारल्यावर काय काय ऐकायला मिळेल! गोड्या पाण्याचेच घ्या. प्रवाळी वाळूखाली पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगत असते. उपसा जास्त झाला की विहीर खारट. म्हणून २००५मध्ये कवरत्तीला खोल समुद्रातल्या थंड पाण्याच्या मदतीने रोज एक लाख लिटर गोडे पाणी करणारा प्रकल्प उभारला गेला. आलेला प्रत्येक पाहुणा याच पाण्यात भागीदार होतो. जहाजाच्या जागांतही तोच. कोची दोनशे ते चारशे किलोमीटरवर, आणि मोठे दुखणे आले की रुग्णाला हेलिकॉप्टरने तिकडेच न्यावे लागते.

आणि मासेमारी. तिथला टूना, म्हणजे आपल्या कोकणातला कुपा, जाळ्याने नव्हे तर काठी आणि गळाने एकेक करून पकडतात. आधी उथळ पाण्यातून छोटे मासे जिवंत धरायचे, भर समुद्रात ते आमिष म्हणून फेकायचे, होडीतून पाण्याचे फवारे मारायचे. कुप्याचा थवा वर आला की रांगेत उभे असलेले मच्छीमार सपासप काठ्या ओढतात. मग मासा उकडून, धुरी देऊन, वाळवून त्याचा लाकडासारखा टणक ‘मासमीन’ होतो. मिनिकॉयला यात बायकांचे हात मोठे. तिथली भाषाही वेगळी, मालदीवच्या नात्यातली महल. या एका दिवसाच्या कामात जे चित्रण आहे, ते शंभर सूर्यास्तांत नाही असे आमचे मत. कवरत्तीच्या उज्रा मशिदीचे कोरीव लाकडी छतही पाहण्यासारखे आहे. नमाजची वेळ सोडून विचारले, तर दाखवणारे कुणी भेटेल.

व्हिडिओ तयार झाला की त्याची एक प्रत होडीवाल्या चाचांना आणि ज्या घरी चहा घेतला त्या घरी पाठवावी. जानेवारी २०२४मध्ये कोचीहून समुद्राखालची इंटरनेट केबल बेटांवर सुरू झाली आहे. त्यांनाही पाहता येईल, आणि चूक असेल तर ते कळवतीलही.