गेलेले आटे आणि तारेचं वेटोळं

बोल्ट आवळता आवळता पाना एकदम हलका होतो आणि बोल्ट नुसताच गरगर फिरायला लागतो. आटे गेले! बोल्ट बाहेर काढून उजेडात धरला, तर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची बारीक, चकचकीत तार गुंडाळलेली दिसते. ही तार म्हणजेच इंजिनाच्या भोकातले उपटून आलेले आटे.

बोल्ट पोलादी आणि इंजिनाची कव्हरं, हेड, ऑइलचं चेंबर मऊ ॲल्युमिनियमचं. झीज बहुधा मऊ धातूचीच होते. 6 मिलिमीटरच्या साध्या बोल्टसाठी भोकात पाडलेला आटा जेमतेम अर्धा मिलिमीटर खोल असतो. त्यातही भार सगळ्या आट्यांवर सारखा पडत नाही. बोल्टच्या डोक्याकडचा पहिला आटा एकटाच जवळजवळ एक तृतीयांश भार पेलतो. तो तुटला की भार दुसऱ्यावर येतो, मग तिसऱ्यावर. या बोल्टला 10 न्यूटन-मीटरच्या आसपासची आवळण पुरते. लांब दांड्याच्या पान्याने ती कधी ओलांडली जाते, हे हाताला कळतसुद्धा नाही.

भोकात एम-सील भरणं किंवा बोल्टला टेफ्लॉन टेप गुंडाळणं ही दुरुस्ती नव्हे. खरा इलाज आहे हेलिकॉइल: स्टेनलेस स्टीलच्या, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा छेद असलेल्या तारेचं स्प्रिंगसारखं वेटोळं. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या ॲल्युमिनियमच्या इंजिनांत ते मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं.

6 मिलिमीटरच्या बोल्टचं जुनं भोक 6.3 मिलिमीटरच्या ड्रिलने मोठं करायचं. ड्रिल सरळच उतरलं पाहिजे, कारण तिरकं भोक नंतर कशानेच सुधारत नाही. मग हेलिकॉइलचा खास टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा फिरवत नवे आटे पाडायचे. मागे घेतला की कीस तुटतो. स्पार्क प्लगच्या भोकाचं काम असेल, तर टॅपच्या खाचांत ग्रीस भरायचं म्हणजे कीस त्यालाच चिकटतो. सिलिंडरमध्ये पडलेला एक कण पिस्टनला ओरखडे पाडू शकतो.

वेटोळं भोकापेक्षा किंचित मोठं असतं. ते आवळून आत फिरवलं आणि सोडलं, की फुलून भोकाच्या भिंतीला घट्ट धरतं. आता बोल्ट पोलादी आट्यांत बसतो, आणि ॲल्युमिनियमवरचा भार सव्वासात मिलिमीटरच्या रुंद आट्यांवर पसरतो. शिवाय तार लवचीक असल्यामुळे प्रत्येक वेढा थोडा सरकून आपल्या वाट्याचा भार उचलतो. म्हणून दुरुस्त केलेलं भोक बहुधा कारखान्यातून आलेल्या भोकापेक्षा मजबूत ठरतं. धातूच्या दुरुस्तीत असं फार क्वचित घडतं, आणि मला त्याचं दर वेळी तितकंच नवल वाटतं.

वेटोळ्याच्या तळाशी तारेचा आडवा दांडा असतो, त्याला धरूनच ते आत फिरवतात. पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली गेलं, की थांबायचं. मग सुंब्याने एक टोला. ‘टक्’ आवाज होऊन दांडा खाचेवर तुटतो. आरपार नसलेल्या भोकातून तो चुंबकाने काढायला जाऊ नका, हे स्टेनलेस जवळजवळ चुंबकाला लागतच नाही. बारीक चिमटाच घ्या.